काल्पनिक साम्राज्याच्या वस्तुसंग्रहालयातील अभिरक्षकाचे कार्यालय कसे असेल?

एका काल्पनिक साम्राज्यावर कादंबरी लिहिणाऱ्या लेखिकेने प्रश्न विचारला आहे. राजधानीतील वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षकाचे, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे, कार्यालय हे तिच्या कथेतील मुख्य स्थळ आहे. ते खरे वाटावे यासाठी तिथे काय दाखवावे, तिथे दिवसभर नेमके कोणते काम चालते आणि मंतरलेल्या वस्तूंची व्यवस्था कशी असावी, असे तिला जाणून घ्यायचे आहे. मी आयुष्याची बहुतेक वर्षे वस्तुसंग्रहालयात आणि त्यांतली बरीच अभिरक्षकाच्या खुर्चीत काढली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

अशा कार्यालयाची जी वर्णने माझ्या वाचनात येतात, त्यांत बहुधा कवट्या, पृथ्वीगोल, धुळीने माखलेले ग्रंथ आणि कोपऱ्यात चमकणारी एखादी तलवार असते. अशी खोली वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते, पण तिथे कोणी काम करत असेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. धूळ ओलावा धरून ठेवते आणि किडीला आसरा देते, त्यामुळे कोणताही जाणता अभिरक्षक ती आपल्या टेबलावर साचू देणार नाही. त्या खोलीचा खरा प्राण एका जाड वहीत असतो. ग्रंथालयात पुस्तकांची असते तशी संग्रहालयात वस्तूंची दाखल नोंदवही असते, आणि साम्राज्याच्या संग्रहालयात लुटीचा माल साम्राज्याचा ठेवा होतो तो याच वहीच्या पानावर. आपल्या कथेला लागणारे रहस्य, अपराध, निष्ठा आणि बंड हे सारे या एका वहीतून काढता येईल, असे माझे ठाम मत आहे.

या वहीचे रकाने आधी मनात पक्के करावेत. दाखल क्रमांक, तारीख, वस्तूचे वर्णन, मापे, वजन, स्थिती, कोठून आली, कशी आली, कोठे ठेवली आणि शेवटी शेरा, एवढे रकाने बहुतेक ठिकाणी सापडतात. क्रमांकाची पद्धत प्रत्येक संस्थेची वेगळी असते. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या नोंदींत आधी वर्ष, मग महिना आणि दिवस, मग त्या दिवशी आलेल्या वस्तूंतील अनुक्रम अशी मांडणी दिसते. म्हणजे क्रमांक वाचताच वस्तू संग्रहालयात कोणत्या दिवशी दाखल झाली ते कळते. आपल्या साम्राज्यात सम्राटाच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत असतील, तर क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून वस्तू राजवटीच्या कितव्या वर्षी आली हे जाणकार पात्राला एका नजरेत समजेल, आणि राजवट बदलल्यावर जुने क्रमांक खोडावेत की ठेवावेत यावरून दरबारात वाद होईल. हाच क्रमांक वस्तूवरही घालतात. तो समोरून दिसणार नाही अशा जागी, आधी लाखेसारख्या पारदर्शक लेपाचा पातळ थर देऊन, त्यावर बारीक लेखणीने लिहितात, म्हणजे पुढे कधी काढायचा झाल्यास मूळ पृष्ठभागाला इजा होत नाही. ज्या वस्तूवरचा क्रमांक खरवडलेला आहे, ती वस्तू पाहून अभिरक्षकाच्या पोटात गोळा येतो.

आता ‘कशी आली’ हा रकाना. रोझेटा शिलालेख हा त्याचा सर्वांत बोलका नमुना आहे. हा दगड १७९९ मध्ये फ्रेंच सैनिकांना इजिप्तमध्ये सापडला, १८०१ मधील शरणागतीनंतर तो इंग्रजांच्या हाती गेला आणि १८०२ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या दोन कडांवर पांढऱ्या रंगात दोन वाक्ये रंगवली गेली. एका कडेवर ब्रिटिश सैन्याने १८०१ मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केल्याचे, तर दुसऱ्या कडेवर राजा तिसऱ्या जॉर्जने भेट दिल्याचे लिहिले होते. या दोन कडांच्या मध्ये जे अंतर आहे, तेच साम्राज्याच्या अभिरक्षकाचे कार्यालय. हस्तगत केलेली वस्तू सम्राटाची होते, सम्राट ती भेट देतो, आणि वहीत ‘भेट’ एवढाच शब्द उरतो. आपल्या कथेतील कारकुनाला नेमका हा शब्द लिहिताना दाखवा. त्याने लेखणी क्षणभर थांबवली तरी वाचकाला पुरेसे आहे.

संग्रहालय आणि सैन्य यांचे नाते इतिहासात जितके जवळचे होते, तितके कादंबऱ्यांत क्वचितच दिसते. नेपोलियनच्या काळात लूव्र संग्रहालयाचा संचालक विवाँ दनों हा सैन्यामागोमाग युरोपभर फिरून जिंकलेल्या शहरांतील कलाकृती निवडत असे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवरील चार कांस्य घोडे १७९७ मध्ये पॅरिसला नेण्यात आले आणि नेपोलियनच्या पराभवानंतर, १८१५ मध्ये परत गेले. १८६८ मध्ये इंग्रजांनी इथिओपियातील मगदलाच्या किल्ल्यावर चाल केली तेव्हा ब्रिटिश म्युझियमचा एक अधिकारी, रिचर्ड होम्स, पुरातत्त्वज्ञ म्हणून फौजेबरोबर होता. लूट हत्ती आणि खेचरांवर लादून नेली गेली, वाटेत तिचा लिलाव झाला आणि त्या लिलावात संग्रहालयासाठी खरेदी झाली. म्हणजे नोंदवहीत अगदी खरेपणाने ‘खरेदी’ असे लिहिता येते. हा तपशील मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण यात कोणी खोटे लिहिलेले नाही. १८९७ मध्ये इंग्रजांनी बेनिनच्या, म्हणजे आजच्या नायजेरियातील एका जुन्या राज्याच्या, राजवाड्यातून नेलेल्या पितळी आणि कांस्य फलकांचे नुकसान आणखी खोलवर गेले. हे फलक एकेकाळी राजवाड्याच्या खांबांवर बसवलेले होते आणि एका राजघराण्याची स्मृती त्यांच्यात होती. ते निरनिराळ्या देशांतील संग्रहांत विखुरले गेल्यावर त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध तुटला. आपल्या अभिरक्षकापाशी असा एखादा फलक असावा आणि त्याचा जोडफलक कुठे आहे हे जिंकलेल्या प्रांतातून आलेल्या एका वृद्धेलाच ठाऊक असावे, असे मी सुचवीन.

चूक नेहमी दुष्टपणातूनच होते असे मात्र दाखवू नये. मी एका संग्रहाची पडताळणी करत असताना एका पानावर ‘कोठून आली’ या रकान्यात पहिल्या ओळीला एका गावाचे नाव आणि खाली सलग चाळीसएक ओळींना ‘कित्ता’, म्हणजे ‘वरीलप्रमाणेच’, असे लिहिलेले आढळले. वर्णने वाचत गेल्यावर लक्षात आले की, मध्येच कुठेतरी वस्तूंची घडण बदलली आहे, मातीचा पोत बदलला आहे, आणि खालची अर्धी भांडी त्या गावची असणे शक्यच नाही. थकलेल्या कारकुनाने दुसरी पेटी उघडल्यावर नवे नाव लिहायचे राहून गेले होते, एवढेच. त्या एका विसरलेल्या नावामुळे वीस भांड्यांचे मूळ गाव कायमचे हरवले, कारण पेट्या केव्हाच जळणात गेल्या होत्या. त्या दिवसापासून कोणतीही पेटी, तिच्यातला पेंढा आणि तिच्यावरची फाटकी चिठ्ठी नोंद पूर्ण होईपर्यंत फेकू द्यायची नाही, असा नियम मी केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. कथेतील एखाद्या प्रांताचा इतिहास पुसला जायचा असेल, तर आग लावण्याची गरज नाही, ‘कित्ता’ पुरतो.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. बॅबिलोनचा राजा नबोनिडस याची मुलगी एन्निगल्दी-नन्ना ही इ. स. पूर्व सहाव्या शतकात आजच्या इराकमधील ऊर येथे प्रमुख पुजारीण होती. लेनर्ड वुली यांच्या उत्खननात तिच्या वास्तूत निरनिराळ्या युगांतील वस्तू एकत्र सापडल्या, आणि त्यांच्याबरोबर मातीची एक छोटी दंडगोलाकार वस्तू मिळाली. तिच्यावर त्याहून कित्येक शतके जुन्या विटांवरील लेखाची नक्कल होती. त्या विटा ऊरच्या अवशेषांत शोध घेताना कोणाला मिळाल्या हे नमूद केले होते आणि पाहणाऱ्यांच्या कुतूहलासाठी आपण ही नक्कल केल्याचे लेखनिकाने लिहून ठेवले होते. वस्तू काय आहे, कुठे मिळाली, कोणाला मिळाली आणि नोंद कोणी केली, ही चारही उत्तरे त्या हातभरही नसलेल्या मातीच्या तुकड्यात आहेत. आपल्या साम्राज्याला छापखाना नसेल, कागद नसेल, तरी प्रामाणिक नोंद करता येते, याला हा आधार आहे.

खोलीच्या रचनेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. थेट ऊन येणार नाही अशा दिशेची मोठी खिडकी, जाड लोकरी कापड अंथरलेले रुंद टेबल, तराजू, मापपट्टी, भिंग, मऊ कुंचले, वाळूच्या लहान उश्या आणि सुती फिती एवढ्या गोष्टी असल्या की काम चालते. वस्तूवर क्रमांक घालण्याचे काम सोडले, तर वस्तूजवळ शाई आणत नाहीत. वस्तू टेबलावर असताना टिपणे शिसपेन्सिलीने होतात आणि वहीतली शाईची नोंद दुसऱ्या टेबलावर होते. मायफळ आणि लोहक्षार यांपासून केलेली जुनी शाई काळाच्या ओघात कागदच खाऊन टाकते, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या वहीत अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोके दिसू शकतात. कार्यालयाला लागून एक वेगळी खोली असावी, जिथे नव्याने आलेल्या वस्तू कीड नसल्याची खात्री होईपर्यंत ठेवतात. वाळवी, कसर आणि लाकडातला भुंगा यांचा अभिरक्षकाला जितका धाक असतो, तितका चोराचाही नसतो. दिवे, शेगडी आणि खाद्यपदार्थ या दोन्ही खोल्यांत येऊ देत नाहीत, म्हणून रात्रीच्या प्रसंगात आपला नायक मेणबत्ती घेऊन आत शिरला, तर तो मोठा नियमभंग करत आहे याची जाणीव त्याला असावी.

माणसे मात्र विचारपूर्वक निवडावीत. अभिरक्षक एकटा नसतो. किल्ल्या सांभाळणारा भांडारपाल असतो, आणि त्याची निष्ठा बहुधा अभिरक्षकापेक्षा वस्तूंशी अधिक असते. नोंदणी कारकून असतो, वस्तूंची रेखाटने करणारा चित्रकार असतो, फुटलेले जोडणारा कारागीर असतो. साम्राज्याच्या संग्रहालयात आणखी एक माणूस हवाच: जिंकलेल्या प्रांताची लिपी वाचणारा विद्वान. त्याच्या मदतीवाचून अर्धी लेबले लिहिता येत नाहीत, पण लेबलावर त्याचे नाव येत नाही. आपल्याच देवघरातील वस्तूंचे वर्णन तो विजेत्यांच्या भाषेत करतो, पगार घेतो, आणि कधीकधी वर्णनात एखादी गोष्ट मुद्दाम सांगत नाही. मी ही कादंबरी लिहीत असतो, तर तिचा नायक हाच केला असता.

मंतरलेल्या वस्तूंबद्दलचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटला, कारण धोकादायक वस्तू सांभाळण्याचा अनुभव खऱ्या संग्रहालयांनाही आहे. पेंढा भरून जतन केलेल्या जुन्या पशुपक्ष्यांच्या कातड्यांना किडीपासून वाचवण्यासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळत असत, आणि वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांवर पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण लावत असत. ते विष आजही त्यांच्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या देखण्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो. शापित मुकुटाचेही तसेच करावे. त्याच्यासाठी वेगळे कपाट, दोन वेगळ्या माणसांकडे दोन किल्ल्या, उघडल्याची तारीखवार नोंद, हातमोजे, आणि दारावर साध्या शब्दांत लिहिलेली सूचना. शाप ओळखणारा मांत्रिक पगारी असेल, तर त्याचा अहवालही वस्तूच्या स्थितीच्या रकान्यात यावा: ‘उजव्या बाजूस चीर, एक खडा गहाळ, सूर्यास्तानंतर कुजबुज ऐकू येते, मागील तपासणीच्या तुलनेत आवाज वाढलेला.’ अशी नोंद वाचताना वाचकाला जी भीती वाटेल, ती ज्वाळा आणि किंकाळ्या यांनी वाटणार नाही.

पण धोकादायक वस्तू आणि पवित्र वस्तू यांत गल्लत करू नये. मगदलाहून नेलेल्या वस्तूंत ताबोत, म्हणजे इथिओपियाच्या ख्रिस्ती चर्चमधील वेदीवर ठेवण्याच्या पवित्र पाट्या होत्या. त्या केवळ धर्मगुरूंनीच पाहाव्यात अशी श्रद्धा आहे. ब्रिटिश म्युझियमकडे अशा अकरा पाट्या आहेत आणि त्या बंद खोलीत ठेवलेल्या आहेत. तिथे इथिओपियाच्या चर्चचे धर्मगुरू जाऊ शकतात, पण स्वतः अभिरक्षक मात्र त्या पाहत नाहीत. ज्या वस्तूकडे पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही, तिचा सांभाळ करणे आणि तरीही ती परत न देणे, ही अवस्था कोणत्याही जादूपेक्षा विलक्षण आहे. आपल्या इमारतीतही एक दार असे असू द्यावे, ज्याची किल्ली अभिरक्षकाकडे आहे पण ज्याच्या आत तो कधी गेलेला नाही.

दरबाराचा दबाव दाखवण्यासाठी आवक जितकी उपयोगी आहे, तितकीच जावकही. जपानमधील नारा येथे तोदाइ-जी मंदिराचे शोसो-इन नावाचे लाकडी भांडार आहे. सम्राट शोमूच्या मृत्यूनंतर सम्राज्ञी कोम्यो हिने ७५६ मध्ये त्याच्या सहाशेहून अधिक वस्तू मंदिराच्या बुद्धाला अर्पण केल्या आणि त्यांची सविस्तर यादी केली. ती यादी आजही उपलब्ध आहे. भांडार सम्राटाच्या मोहोरेने बंद असे आणि त्याच्या आज्ञेवाचून उघडता येत नसे. तरीही ७६४ मध्ये बंड झाले तेव्हा त्यातील शस्त्रे लढाईसाठी बाहेर काढली गेली. यादीत शस्त्रे आहेत आणि भांडारात त्यांतली बरीच नाहीत. साम्राज्य अडचणीत आले की संग्रहालय हे त्याला शस्त्रागार वाटते, खजिना वाटते, परदेशी दूताला द्यायच्या भेटींचे दुकान वाटते. एखादा मंत्री संध्याकाळी येऊन राज्याभिषेकासाठी जुने सिंहासन मागतो, तेव्हा अभिरक्षकाला नाही म्हणता येत नाही. पण जावक नोंदीवर मंत्र्याची सही, परतीची तारीख आणि सिंहासनाच्या प्रत्येक ओरखड्याचे वर्णन त्याला मागता येते. त्याच्या हाती असलेली सत्ता एवढीच आहे, आणि ती तो किती धैर्याने वापरतो यावर त्याचे पात्र उभे राहील.

साम्राज्याचा अभिरक्षक सरसकट लुटारू रंगवू नये, यासाठी ओस्मान हमदी बे यांच्याकडे पाहावे. ते १८८१ मध्ये इस्तंबूलमधील उस्मानी साम्राज्याच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. परदेशी उत्खनक प्राचीन वस्तू देशाबाहेर नेत होते. त्याला आळा घालण्यासाठी १८८४ चा कायदा झाला, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. १८८७ मध्ये त्यांनी आजच्या लेबनॉनमधील सिडोन येथील राजघराण्याच्या दफनभूमीचे उत्खनन केले, तिथल्या भव्य दगडी शवपेटिका राजधानीत आणल्या आणि त्यांच्यासाठी बांधलेली नवी इमारत १८९१ मध्ये उघडली. त्या पेटिका युरोपात गेल्या नाहीत, हे त्यांचे मोठे काम. पण सिडोनमध्येही राहिल्या नाहीत. एकच माणूस एका बाजूने रक्षक आणि दुसऱ्या बाजूने नेणारा असतो, आणि त्या पदावर बसलेल्या प्रामाणिक माणसाला हे दोन्ही एकाच वेळी जाणवत असते.

कथेची सुरुवात कुठून करावी असेही विचारले आहे. माझे उत्तर आहे, पदभाराच्या देवाणघेवाणीपासून. जुना अभिरक्षक जातो आणि नवा येतो, तेव्हा नव्याने वहीतील प्रत्येक क्रमांक प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहायचा असतो, आणि मगच सही करायची असते. सही झाली की यापुढे जे सापडणार नाही, त्याचा जाब त्याने द्यायचा. मोठ्या संग्रहात हे काम अनेक महिने चालते, कारण दालनात दिसते ते फारच थोडे असते: ब्रिटिश म्युझियमच्या सुमारे ८० लाख वस्तूंपैकी जेमतेम ८० हजार, म्हणजे शंभरातली एक, प्रदर्शनात असते. २०२३ मध्ये त्याच संग्रहालयातून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या किंवा खराब झालेल्या असल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांतील कित्येकांची पुरेशी नोंदच झालेली नव्हती. जी वस्तू वहीत नाही, ती गेली हे सिद्ध करणेही अवघड असते. म्हणून चोराला किल्लीपेक्षा नोंद न झालेली पेटी अधिक मोलाची, आणि हे आपल्या कथेतील चोराला माहीत असले पाहिजे.

अशा पडताळणीत भांडारपाल क्रमांक वाचतो, कारकून वस्तू दाखवतो, नवा अभिरक्षक वहीत खूण करतो. दिवसेंदिवस हेच चालते. घसा कोरडा पडतो, पाठ आखडते आणि सगळ्यांचे लक्ष ढळू लागते. मग एका दुपारी एक क्रमांक वाचला जातो आणि कोणीच हलत नाही. भांडारपाल तो पुन्हा वाचतो. वहीत वर्णन सविस्तर आहे, मापे आहेत, वजन आहे, ‘कशी आली’ या रकान्यात ‘भेट’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले आहे, ठेवण्याच्या जागेचा रकाना कोरा आहे, आणि शेऱ्यात जुन्या अभिरक्षकाच्या हस्ताक्षरात, शाईने नव्हे तर पेन्सिलीने, पुसता येईल इतके हलके लिहिले आहे: ‘मालकाकडे.’